कोठेही चालेल

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. एका मजल्याला अठरा. लिफ्ट नाही, आणि ती असेल असं कोणी कधी म्हटलंही नव्हतं. मी तळमजल्यावर राहतो. त्यामुळे या पायऱ्या मोजायचं मला तसं कारण नव्हतं, पण आमचे शेजारी नाना वर राहायला गेल्यापासून मी त्या बऱ्याच वेळा मोजल्या आहेत. चढताना आणि उतरताना आकडा सारखाच येतो.

मी जिनिंगवर काटा-क्लार्क आहे. कापसाची गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, आणि मधला फरक मी लिहितो. बावीस वर्षं हेच काम. काटा जे दाखवतो ते लिहायचं, शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही आणि मालकाच्याही नाही, एवढी एकच गोष्ट मला नीट येते. वस्तीत म्हणूनच मला सगळे काटेवाले भाऊ म्हणतात.

आमचं गाव धुळ्याला जाणाऱ्या हायवेपासून थोडं आत आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर नगरपालिकेच्या कार्यालयातली माणसं ओळखू येतील आणि ती माणसं काही फार वाईट नव्हती. नाल्याकाठी आमची वस्ती होती. पत्रे, कुडाच्या भिंती, काहींचं विटांचं बांधकाम. शहाण्णव घरं. ती उठवून पलीकडच्या मैदानात तीन इमारती बांधायचं ठरलं. प्रत्येक इमारतीत चार मजले, मजल्याला आठ घरं. हिशोब बरोबर होता: शहाण्णव कुटुंबं, शहाण्णव घरं. प्रश्न एवढाच होता की कोण कोणत्या मजल्यावर.

त्यासाठी नगरपालिकेच्या साहेबांनी मारुतीच्या पारासमोर सभा घेतली. साहेब तरुण होते, नगरचे की नाशिकचे. ते म्हणाले, "वाटप तुमच्यावर लादायचं नाही. आधी तुमचं मत घेऊ, मग त्याप्रमाणे नियम करू."

हे ऐकून मला खरोखर आनंद झाला होता. याआधी एकदा वस्तीची यादी झाली होती, तेव्हा नगरसेवकाच्या माणसांनी घरी बसून फॉर्म भरले होते. माझ्या आईच्या नावापुढे त्यांनी 'मयत' लिहिलं होतं आणि आई त्या वेळी ओट्यावर बसून हरभरे निवडत होती. म्हणून मी सभेत उभा राहिलो. म्हटलं, "फॉर्म घरोघरी जाऊन भरा. जो जे बोलेल तेच लिहा. भरणाऱ्याने आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही."

साहेब म्हणाले, "मग तुम्हीच भरा."

टाळ्या पडल्या. मी आणखी एक सूचना केली. घर मिळाल्यावर दहा वर्षं विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही आणि आपापसात अदलाबदलही करायची नाही. केली तर घर रद्द. कारण आजूबाजूच्या गावांत मी पाहिलं होतं. अदलाबदल म्हणत म्हणत घरं दलालांच्या हातात जातात.

चौकातला टपरीवाला मागून अहिराणीत ओरडला, "भाऊ, घर काय पोर शे का? एकदाव दिधी म्हणजे परत लई येता येत नही!"

लोक हसले. मीही हसलो. मग हात वर झाले, मी मोजले. एकाहत्तर. ठराव झाला. सूचक म्हणून वहीत माझी सही आहे.

फॉर्म सोपा होता. घरात माणसं किती, साठच्या वरचे किती, दिव्यांग दाखला आहे का, आणि मजल्याची पसंती: तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, कोठेही चालेल. नऊ दिवस मी कामावरून आल्यावर घरोघरी फिरलो. लोकांनी चहा दिला, काहींनी शिव्या दिल्या. टपरीवाला म्हणाला, "लिखी टाका, तळमजला. मना गुडघा दुखस, बायकोना दुखस, टपरीना बी दुखस."

"टपरीला गुडघे नसतात," मी म्हटलं.

"तुमना फॉर्ममा तसं इचारेल शे का?"

विचारलेलं नव्हतं. मी तळमजल्यावर खूण केली.

अक्का आणि नाना हे जोडपं आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचं. नाना आमच्याच जिनिंगवर हमाल होते. कापसाच्या गासड्या ओढून ओढून त्यांचे खांदे दारासारखे रुंद झाले होते. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून अक्का त्यांना रोज सकाळी काखेत धरून बाहेर आणायच्या आणि ओट्यावर, कडुनिंबाला टेकवून बसवायच्या. दिवसभर नाना तिथे. जाणारा-येणारा त्यांच्याशी बोलल्याशिवाय जायचा नाही. संध्याकाळी मी कामावरून आलो की त्यांचा एकच प्रश्न असायचा, जीभ जड झालेली, पण मला समजायचा: "आज कितल्या गाड्या?" मी आकडा सांगायचो. जास्त असल्या की खूश व्हायचे, जणू त्यांनाच उतरवायच्या होत्या.

मी फॉर्म घेऊन गेलो तेव्हा अक्का भाकरी थापत होत्या. मी पाटावर बसलो, क्रमाने विचारत गेलो.

"दिव्यांग दाखला?"

"नही भाऊ." दाखल्यासाठी नानांना जळगावला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि एका फेरीत काम होत नाही. ते कोण नेणार होतं?

"नानांची तब्येत?"

"बरं शे आते." नवऱ्याची तब्येत वाईट आहे असं अक्का कधी कोणाला म्हणाल्या नव्हत्या. तसं बोललेलं त्यांना सोसवत नसे.

"मजला कोणता?"

अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले. "आम्हले कोठेबी चाली. बाकी लोकेस्ले गरज शे, त्यास्ना पाहा आगोदर."

मी 'कोठेही चालेल' या चौकटीत खूण केली. त्यांना फॉर्म वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली, अंगठा दिला. मला भाकरी आणि ठेचा वाढला, मी नको म्हणत होतो तरी.

हे लिहिताना माझा हात तिथेच अडतो. मी याच मातीतला. लग्नाच्या पंगतीत मी शेकडो पानांवर बट्ट्या वाढल्या आहेत. वाढणारा वाकला की आमच्याकडे माणूस पानावर हात आडवा धरतो. नको, नको, पोट भरलं. कोणी वाढपी तिथून पुढे सरकत नाही. दुसऱ्यांदा म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणतो, तेव्हा तो हात हळूच बाजूला होतो. पहिल्या नकाराला नकार समजून पुढे गेलेल्या वाढप्याला लोक आयुष्यभर नावं ठेवतात. आणि मी अक्कांना एकदाच विचारलं. फॉर्मवर एकदाच विचारायची जागा होती. पेन हातात आलं आणि मी काट्यावर बसल्यासारखा झालो.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवर मी तळमजला लिहिला. आई होती, पंच्याऐंशीची, तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. खोटं काही नव्हतं.

नऊ दिवसांनी मी बेरीज केली. तळमजला एक्केचाळीस, पहिला बावीस, दुसरा चार, तिसरा एकही नाही, कोठेही चालेल एकोणतीस. बेरीज शहाण्णव. साहेबांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही हो." मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. दोनदा सांगितलं.

मग नियम ठरला, लोकांच्या मताप्रमाणेच. तळमजल्याच्या चोवीस घरांसाठी मागणाऱ्या एक्केचाळीस जणांत सोडत. उरलेले सतरा प्रतीक्षा यादीवर, त्यांना क्रमाने वरच्या मजल्यावर जागा. पहिला मजला मागणारे बावीस आणि या सतरांतले दोन, झाले चोवीस. दुसऱ्यावर उरलेले पंधरा आणि मागणारे चार, एकोणीस. पाच घरं उरली, ती 'कोठेही'वाल्यांतून भरली. तिसऱ्या मजल्याची चोवीसच्या चोवीस घरं मग 'कोठेही चालेल' म्हणणाऱ्यांची. कोणावर अन्याय झाला असं कागदावर दाखवता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

सोडतीच्या आधी चार महिने आई गेली. तेराव्यानंतर एकदा मनात आलं की कार्यालयात कळवावं. गेलो नाही. स्वतःला सांगितलं की फॉर्म ज्या तारखेचा, त्या तारखेला तो खरा होता. काट्याची पावतीही अशीच असते, नंतर गाडीतून काय पडलं त्याचा पावतीशी संबंध नाही. सोडतीत माझी चिठ्ठी अकरावी निघाली. तळमजला. टपरीवाल्याचीही निघाली.

अक्का आणि नाना तिसऱ्या मजल्यावर.

यादी लागली त्या दिवशी बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्कांच्या तोंडून कधी 'द्या' ऐकलंय तुम्ही? बावीस वर्षं शेजार आहे."

"त्या बोलल्या तेच लिहिलं."

"तेच तर म्हणतेय मी."

राहायला गेलो त्या दिवशी चौघांनी नानांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. वळणावर खुर्ची तिरपी झाली तेव्हा नानांनी डाव्या हाताने माझी मान धरली. वर गेल्यावर त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी मागच्या बाजूला आहे, तिथून पाण्याची टाकी दिसते आणि त्यापलीकडे मोकळं रान.

मी मग तिसऱ्या मजल्यावर घरोघरी गेलो, यावेळी फॉर्म न घेता. चोवीस घरांपैकी चौदा घरांत साठच्या वरचं माणूस होतं. तळमजल्यावर मोजलं तर नऊ घरांत. जे मागायला लाजले ते वर गेले. मी लिहिताना कोणाची लाज पाहिली नाही, उत्तर पाहिलं. चौदांपैकी एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "तेव्हा तळमजला का नाही सांगितला?" ती म्हणाली, "तुम्ही बठ्ठास्ना मजार बठेल व्हतात. तुमना तोंडवर कशी मांगू?" तिच्या घरी फॉर्म भरताना दोन शेजारणी बसलेल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं.

पंधरा दिवसांनी मी अक्कांकडे गेलो. म्हटलं, "तुम्ही आमच्या घरात या, आम्ही वर येतो. कागदावर काही नको."

अक्का घाबरल्या. "नको भाऊ. तपासणीले येतस लोके. घर जाई हातमाईन."

खरं होतं. दर तीन महिन्यांनी माणूस येऊन नाव आणि दार जुळवून बघतो. हे कलमही माझ्याच ठरावातलं.

मग मी रजा टाकून कार्यालयात गेलो. रीतसर अर्ज लिहिला: आई अमुक तारखेला वारली, माझ्या घरात आता वयस्कर माणूस नाही, तरी तळमजल्याचं माझं घर आणि तिसऱ्या मजल्यावरचं अमुक घर यांची अदलाबदल मंजूर व्हावी. साहेबांची बदली झाली होती. टेबलावरच्या बाबूने अर्ज वाचला, कपाटातून वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली.

"सूचक कोण आहे बघा."

"माहीत आहे."

"अदलाबदल होत नाही. तुम्हाला घर सोडायचं असेल तर सोडता येईल. तळमजला रिकामा झाला की प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जाईल."

"अक्कांना?"

त्याने यादीवरून बोट फिरवलं. "त्या यादीत नाहीत. यादी तळमजला मागितलेल्यांची आहे. सतरा जण आहेत. यांनी तर मागितलाच नाही." मग तो माझा अर्ज पुन्हा वाचू लागला. "आई कधी वारली म्हणालात? सोडतीआधी? हा अर्ज मी आवक करून घेतला ना काका, तर तुमच्या घराची चौकशी लागेल. सांगा, घेऊ का?"

यादीतला पहिला कोण ते मला ठाऊक होतं. नवराबायको, दोघांची वयं तिशीच्या आत. मी घर सोडलं असतं तर ते खाली आले असते, आम्ही त्यांच्या पहिल्या मजल्याच्या घरात गेलो असतो किंवा कुठेच नाही, आणि नाना होते तिथेच राहिले असते. म्हणजे हिशोबाने माझ्या घर सोडण्याने नानांना काही मिळत नव्हतं. हे खरं आहे. हिशोब असा निघाला म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

मी अर्ज परत घेतला.

पहिल्या महिन्यात आम्ही नानांना तीनदा खाली आणलं. चार माणसं आणि खुर्ची. मग चौथा माणूस मिळेना. मग कापसाचा हंगाम आला, मला कामावरून यायला रोज उशीर. एका रविवारी मी वर जाऊन विचारलं, "अक्का, आणायचं का खाली?" अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, तुम्ही थकेल शेतस." मी खाली आलो. पुढच्या रविवारी विचारलं, "राहू द्या" म्हणाल्या. त्यानंतर मी विचारणं सोडलं. गाड्यांचा आकडा सांगायला सुरुवातीला रोज वर जायचो, मग दोन दिवसांआड, मग रविवारी.

गेल्या महिन्यात कार्यालयाकडून एक माणूस सर्वे करायला आला. पन्नाशीचा, दमेकरी, हातात मोबाइल. वाटपाबद्दल रहिवासी समाधानी आहेत का, एवढंच विचारायचं होतं. घरं दाखवायला मला सोबत घेतलं, कारण जुन्या फॉर्मवर माझं नाव होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो दोनदा थांबला. "इथं रोज कोण चढतं हो?" म्हणाला.

अक्कांनी दार उघडलं. आत नाना खाटेवर, तोंड खिडकीकडे. त्यांचे ते खांदे आता शर्टात सैल पडले होते.

सर्वेवाल्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला घर मिळालं त्या पद्धतीबद्दल समाधानी आहात का?"

"बरं शे. बठ्ठं बरं शे," अक्का म्हणाल्या.

त्याने मोबाइलवर बोट टेकवलं. मी म्हटलं, "पुन्हा विचारा."

"काय?"

"त्यांना पुन्हा विचारा."

"एकदा भरलं की पान पुढं जातं काका. मागं येत नाही." तो दाराकडे वळला.

मग मीच विचारलं. "अक्का, खरं सांगा. इथे तुम्हाला बरं आहे?"

"शे ना भाऊ. डोकावर छप्पर शे. लोकेस्ले तेबी नही."

मी खाली बसलो, त्या दिवशी भाकरीच्या वेळी बसलो होतो तसा. तिसऱ्यांदा विचारलं. यावेळी नुसतं "अक्का," म्हटलं.

अक्कांनी पदराने नाकाचा शेंडा पुसला. नानांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "आठ महिना व्हयनात," त्या म्हणाल्या. "आठ महिना ह्या माणूसनी माणूस देखा नही. मनासंगे बी बोलतस नही आते." मग म्हणाल्या, "एकदाव खाले लई चला त्यास्ले."

बावीस वर्षांत अक्कांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी पायऱ्या उतरून खाली गेलो. टपरीवाला गिऱ्हाईक सोडून आला, येताना म्हणाला, "चला, आज मना गुडघास्नी परीक्षा!" त्याच्या टपरीवर बसलेला एक रिक्षावालाही उठला. तीन झालो. चौथा सर्वेवाला, तो अजून वरच, शेजारच्या दारात होता. तो नको नको म्हणत होता, दमा आहे म्हणत होता. टपरीवाल्याने त्याच्या हातातला मोबाइल काढून अक्कांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि खुर्चीचा एक पाय त्याच्या हातात दिला. चोपन्न पायऱ्यांना आम्हाला वीस मिनिटं लागली.

खाली कडुनिंब नाही. पार्किंगची फरशी आहे. तिथे सावलीत खुर्ची ठेवली. दोन बाया पाण्याच्या कळशा खाली ठेवून नानांजवळ आल्या. "काय नाना, गावले गयथात का?" एकीने विचारलं. नानांच्या तोंडाची डावी बाजू हलली. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं आणि काहीतरी म्हणाले. जीभ आणखी जड झाली होती, पहिल्यांदा मला समजलं नाही. मी वाकलो.

हंगाम संपून दोन महिने झाले होते. काटा बंद होता, एकही गाडी येत नव्हती. मी म्हटलं, "एकशे बारा."

नानांनी डावा हात खुर्चीच्या हातावर थोपटला. खूश झाले. मी लिहिलेला किंवा बोललेला तो पहिला खोटा आकडा, कार्यालयात न कळवलेलं आईचं जाणं सोडलं तर.

वर अक्का जिन्याच्या खिडकीत उभ्या राहून खाली बघत होत्या. ऊन फरशीवर सरकत होतं. अर्ध्या तासाने नानांना परत वर न्यायचं होतं, त्याला चार माणसं लागणार होती. मी मान वर करून पाहिलं. टपरीवाला गिऱ्हाइकाकडे गेला होता, रिक्षा भाडं घेऊन निघून गेली होती. सर्वेवाला वर जाऊन आपला मोबाइल घेऊन आला आणि पुढच्या इमारतीच्या जिन्याकडे चालू लागला.

मी आणि नाना बसून राहिलो.